कठीण काळातली शाळा : प्रस्तावना

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे. पूर, वादळ, भूकंप, साथ, दुष्काळ किंवा पोटासाठी करावे लागणारे स्थलांतर, यांपैकी कशानेही शाळेला कुलूप लागले किंवा मूल शाळेपासून लांब गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गशिक्षकाने काय हाती घ्यायचे, एवढाच त्याचा विषय आहे. त्यात स्वाध्याय पत्रिका आहेत, वाचनपाठ आहेत, घरच्या घरी करता येतील असे गणिताचे आणि परिसर अभ्यासाचे उपक्रम आहेत, पालकांशी बोलण्यासाठी टिपणे आहेत आणि शिक्षकाने स्वतःला कसे सांभाळावे याविषयी एक प्रकरण आहे. हे साहित्य कोणत्या विचाराने निवडले आणि ते कसे वापरावे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

मुख्य म्हणणे आरंभीच मांडते. संकटाच्या काळात साहित्याची टंचाई फारशी नसते. व्हिडिओ येतात, लिंक येतात, पीडीएफ येतात, देणगीच्या वह्या येतात. टंचाई असते ती हे साहित्य नेमक्या मुलाच्या नेमक्या अडचणीशी जुळवून देणाऱ्या माणसाची. तो माणूस म्हणजे वर्गशिक्षक. कोणाच्या घरी फोन आहे, कोणाच्या फोनला रिचार्ज नाही, कोणाचे वडील गेले, कोण जोडाक्षरांपाशी अडले आहे, हे त्याला किंवा तिलाच ठाऊक असते. म्हणून शिक्षकाचे हात मोकळे ठेवणे, त्याला निवड करू देणे आणि त्याला एकटे न पाडणे, हा मुलांना मदत करण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

हा रस्ता महाराष्ट्राला नवा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दुष्काळात आधी मुलांच्या जेवणाची सोय पाहिली. उपाशी मुलापुढे पाटी ठेवून उपयोग नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पुढे वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई रोग्यांच्या शुश्रूषेत उतरल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. संकटात शिक्षकाचे काम वर्गाच्या चार भिंतींत मावत नाही, याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही.

दुसरा दाखला डहाणू तालुक्यातला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरे राखायची होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळायचे होते. तेव्हा बालवाडी अंगणात नेली आणि शाळा कुरणावर. गुरे चरत असताना मुले शिकतील, अशी ती कुरणशाळा. साहित्य काय, तर पाने, बिया, शंख-शिंपले, दगड. मूल ज्या अडचणीत आहे तिथेच शाळेने जायचे, आणि तिथे जे हाताशी आहे त्यातूनच शिकवायचे, ही दोन तत्त्वे तिथे रुजली. या पुस्तकातली बरीच पाने याच तत्त्वांवर उभी आहेत.

तिसरा दाखला आजही दरवर्षी घडतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयत्याबरोबर मुलेही जातात, आणि त्यांचे दुसरे सत्र पाचटात आणि खोपीत संपते. वीटभट्टीवरच्या मुलांचे तेच. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, भोंगाशाळा निघाल्या. आईबाप तोडीला गेले तरी मुलाला गावातच आजी-आजोबांपाशी राहता यावे आणि दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. जे संकट २०२० साली सगळ्यांच्या दारात आले, ते या मुलांच्या वाट्याला दर हिवाळ्यात येत होते. त्यांच्यासाठी ज्या शिक्षकांनी वाटा शोधल्या होत्या, त्यांचा अनुभव साथीच्या काळात आपण पुरेसा विचारात घेतला नाही. आता तरी घ्यावा.

मार्च २०२० मध्ये काय झाले ते थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण आजच्या नव्या शिक्षकांपैकी अनेकांनी तो काळ विद्यार्थी म्हणून पाहिला आहे. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तोही झालाच नाही. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायला सुरुवात केली. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात खुली होती, पाठांवरचे क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडत होते. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या माणसांसोबत, घरातल्याच वस्तू घेऊन करायच्या कृती त्यात होत्या. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळत होते. इतके साहित्य, तेही फुकट, मराठी मुलांसाठी यापूर्वी कधी एकत्र उपलब्ध नव्हते.

आणि तरीही ते बहुतेक मुलांपर्यंत पोहोचले नाही. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. पण त्याच पाहणीत, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी साहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप सकाळी सातला कामावर जातो. घरात तीन भावंडे असतील तर तो थोरल्या मुलाला मिळतो, धाकट्या मुलीला मिळत नाही. रेंज येते ती टेकडीवर. कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची एक विद्यार्थिनी भर पावसाळ्यात डोंगरावर झोपडी बांधून तिथे बसून शिकत होती. तिच्या जिद्दीचे कौतुक सगळ्यांनी केले. पण शिकण्यासाठी मुलीला डोंगर चढावा लागला, हीही त्या बातमीतली गोष्ट होती.

ज्यांनी हा अडसर ओलांडला त्यांनी तो तंत्राच्या जोरावर ओलांडला नाही. सोलापूरच्या नीलमनगरात, कामगारांच्या वस्तीत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरे, पाढे, इंग्रजी शब्द, विज्ञानातल्या आकृत्या. मूल पाण्याला गेले, दुकानात गेले, की वाटेत भिंत वाचणार. अंतर राखून दोन-तीन मुले एका भिंतीपुढे उभी राहू शकत होती आणि त्यासाठी कुणाला नेटपॅक मारावा लागत नव्हता. पालघर जिल्ह्यात जव्हारजवळच्या दांडवळला एका संस्थेच्या स्वयंसेवकांनी कर्णा लावून ‘बोलकी शाळा’ भरवली. ध्वनिमुद्रित पाठ कर्ण्यातून वाजत, मुले अंतर ठेवून बसत आणि उत्तरे देत. अनेक जिल्ह्यांत शिक्षक झेरॉक्स काढलेल्या स्वाध्याय पत्रिका घेऊन वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर जात. मंदिराच्या ओट्यावर, समाजमंदिरात, झाडाखाली पाच-पाच मुलांना बसवत. गावातली बारावी झालेली एखादी ताई मदतीला येई. आईचा गट जमे.

त्याच महिन्यांत हे शिक्षक आणखी काय करत होते, तेही पाहिले पाहिजे. चेकपोस्टवर गाड्या तपासणे, रेशन दुकानावर रांग लावणे, विलगीकरण केंद्रावर नोंदी ठेवणे आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणे, ही सगळी कामे त्यांच्याकडे होती. शाळेतले पोषण आहाराचे शिजवलेले जेवण थांबले, तेव्हा तांदूळ आणि डाळ मोजून पालकांना वाटायचे कामही शाळेनेच केले. कित्येक शिक्षक आजारी पडले, काही गेले. ऑनलाइन शिकवायचे प्रशिक्षण त्यांना मिळाले ते शिकवायला लागल्यानंतर. वरून येणाऱ्या लिंकचा आणि भरायच्या माहितीचा ओघ मात्र एक दिवसही थांबला नाही. एकाच संध्याकाळी चार ठिकाणांहून चार लिंक आल्या, तर शिक्षक त्या जशाच्या तशा पालकांच्या ग्रुपवर ढकलणार आणि पालक त्या न उघडता पुसून टाकणार. यात शिक्षकाचा दोष नाही. त्याला निवड करायला वेळ, अधिकार आणि विश्वास यांतले काहीच दिले गेले नव्हते.

म्हणून या पुस्तकात साहित्य घेताना आम्ही प्रत्येक पानाला चार प्रश्न विचारले. फोन, वीज आणि नेट नसतानाही हे चालेल का? घरात लिहिता-वाचता येणारे मोठे माणूस नसले तरी चालेल का? मुलाने केलेले काम शिक्षकाला पाच मिनिटांत पाहता येईल का? आणि यातले काही शिक्षकाला आपल्या वर्गापुरते बदलता येईल का? चारही प्रश्नांना होकार मिळाला तरच ते पान ठेवले. खूप देखणी, रंगीत, मेहनतीने केलेली पाने यामुळे बाजूला पडली. त्याचे वाईट वाटले, पण हा निकष सैल करावा असे एकदाही वाटले नाही.

एक पान उघडून पाहू. तिसरीच्या गणितातले दशक-एककाचे पान आहे. लागणारे साहित्य : तीस-चाळीस चिंचोके, काडेपेटीच्या जळालेल्या काड्या किंवा शेंगांची टरफले, आणि केसांना लावायचे तीन रबर. पहिल्या कृतीत मुलाने मूठभर काड्या उचलायच्या, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या आणि उरलेल्या सुट्या ठेवायच्या. पानावर जुडीचे आणि सुट्या काडीचे चित्र आहे. चित्राखाली दोन रिकामे चौकोन, त्यांत जुड्या किती आणि सुट्या किती ते लिहायचे. दुसऱ्या कृतीत घरातल्या कुणालाही विचारायचे : ‘माझ्याकडे दोन जुड्या आणि चार काड्या आहेत, तुझ्याकडच्या नऊ दे, आता काय झाले?’ तेरा सुट्या काड्या झाल्या की त्यातल्या दहाची जुडी बांधावीच लागते. हातचा म्हणजे काय, ते मुलाच्या हातालाच कळते. आजीला अंक वाचता येत नसले तरी जुडी बांधता येते, कारण ती आयुष्यभर पालेभाजीच्या आणि कडब्याच्या पेंढ्या बांधत आली आहे. पानाच्या मागच्या बाजूला काही छापलेले नाही, ती मुलाने चित्र काढायला सोडली आहे. शिक्षकासाठी तळाशी एकच ओळ आहे : मुलाने सुट्या काड्यांच्या चौकोनात दहा किंवा त्याहून मोठी संख्या लिहिली असेल, तर पुढच्या भेटीत त्याच्यापाशी बसून पुन्हा एक जुडी बांधावी.

भाषेची पानेही अशीच आहेत. लहान, चार-पाच ओळींचा मजकूर, ओळखीच्या बोलीतले शब्द, आणि शेवटी मुलाने घरातल्या माणसाला विचारायचा एक प्रश्न. आदिवासी भागांसाठीच्या पानांवर मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे. तिथे शिक्षकाने वारली, कोरकू, गोंडी, पावरी, जी घरची भाषा असेल तिच्यातले शब्द गावकऱ्यांकडून विचारून लिहावेत. हे काम राज्याच्या मुख्यालयात बसून होणारे नाही.

शाळा उघडल्यानंतरच्या काळाला आम्ही पुस्तकाचा मोठा भाग दिला आहे. संकट ओसरले की सगळ्यांना अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई होते, आणि तिथेच मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होते. महाराष्ट्रात जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागच्या इयत्तेतले जे राहिले ते आधी भरून काढायचे, हा त्यामागचा विचार योग्य होता. पण प्राथमिकचे बहुतेक वर्ग तेव्हा प्रत्यक्ष भरतच नव्हते. पहिली ते चौथीची मुले शाळेत परतली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. पहिलीत नाव घातलेले मूल शाळेचे तोंड पाहते तोवर तिसरीच्या उंबरठ्यावर आले होते. ‘असर’च्या आकड्यांत हे दिसते. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ वर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ झाले. म्हणजे जे गमावले होते ते परत मिळवता आले. इतके दिवस गेले, आता ही पिढी वाया गेली, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, आणि ते वर्गावर्गांत मुलांना पुन्हा अक्षरापासून वाचायला बसवणाऱ्या शिक्षकांनी दिले आहे. पण आपण पोहोचलो ते पुन्हा जुन्याच जागी, आणि ती जागा समाधान मानावी अशी कधीच नव्हती.

त्यासाठी या भागात एक साधी पद्धत दिली आहे. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून अक्षर, शब्द, वाक्य, उतारा वाचून घ्यायचा. मग रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जे येते त्यानुसार गट करून शिकवायचे. चौथीतले मूल अक्षरांच्या गटात बसले तर त्यात कमीपणा नाही, हे शिक्षकाने मुलालाही सांगावे आणि पालकालाही. परीक्षा घेऊ नये, गुण देऊ नयेत, यादी भिंतीवर लावू नये.

मनाच्या जखमांविषयीचे प्रकरण लिहिताना आम्ही सर्वांत जास्त जपून लिहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत घरे कोसळली, तेव्हा वाचलेल्या मुलांनी वर्गातले सोबती गमावले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीच्या मुलांची दप्तरे पुस्तकांसकट गेली. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरच्या शाळांची छपरे उडाली, आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले. साथीत आई किंवा वडील किंवा दोघेही गमावलेल्या मुलांसाठी शासनाने ठेवीची आणि बालसंगोपनाची मदत जाहीर केली. पण ते अर्ज भरून देणारे, दाखले जमवून देणारे माणूस पुष्कळ ठिकाणी मुलाचे गुरुजी किंवा बाईच होत्या. शिक्षक मानसोपचारतज्ज्ञ नसतो आणि त्याने तसे होऊ पाहू नये. पण रोज ठरल्या वेळी भेटणारे, नावाने हाक मारणारे, रडू आले तर रडू देणारे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटणारे माणूस तो होऊ शकतो. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, किंवा मुलीच्या लग्नाची कुजबुज कानावर आली, तर कोणाकडे जायचे याचा क्रम या प्रकरणात दिला आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा.

शेवटचे प्रकरण शिक्षकाविषयी आहे, आणि अधिकाऱ्यांनी आधी तेच वाचावे अशी विनंती आहे. केंद्रप्रमुखांनी संकटाच्या पहिल्या महिन्यात शिक्षकांकडून माहितीचा एकच तक्ता मागावा, आठवड्यातून एकदाच. शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ शिक्षकांनी एकमेकांना काय जमले आणि काय फसले ते सांगण्यासाठी ठेवावा. झेरॉक्सचा आणि प्रवासाचा खर्च शिक्षकाच्या खिशातून जाऊ नये, तो शाळेच्या अनुदानातून व्हावा आणि त्यासाठी मुख्याध्यापकाला मंजुरीची वाट पाहावी लागू नये. घरात आजारी माणूस असलेल्या किंवा स्वतः दुःखात असलेल्या शिक्षकाचा वर्ग शेजारच्या शिक्षकाने काही दिवस पाहावा, अशी जोडी आधीच ठरलेली असावी. यातले काहीही महागडे नाही. हे फक्त आधी ठरवावे लागते, कारण पाणी चढू लागले की ठरवायला कोणालाच सवड नसते.

याच कारणासाठी आमची वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक कपाटात ठेवू नका. जूनमध्ये शाळा उघडेल त्या महिन्यातच हजेरीपटाशेजारी एक वही घाला. प्रत्येक मुलापुढे घरी कोणता फोन आहे, तो दिवसा कोणाकडे असतो, घरात वाचता येणारे कोण आहे, स्थलांतर होते का आणि कुठे होते, वस्तीवर मुलांना जमवायला जागा कोणती आणि मदतीला येईल असे तरुण कोण आहे, एवढे लिहून ठेवा. पहिल्या भागातल्या वीस पानांच्या वर्गाला पुरतील इतक्या प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत पालकांना हे सगळे दाखवा.

या पुस्तकातले कोणतेही पान कोणीही छापावे, बदलावे, दुसऱ्या बोलीत न्यावे. त्यासाठी परवानगी मागायची गरज नाही. ज्यांनी ही पाने पावसात, साथीत आणि उसाच्या फडावर वापरून पाहिली, त्या शिक्षकांच्या दुरुस्त्यांनीच ती आजच्या रूपात आली आहेत. पुढच्या दुरुस्त्या आता तुमच्या हातून व्हाव्यात.